जंटलमन्स राइडला यायचंय? आधी हे वाचा (दरवर्षी मला विचारले जाणारे सगळे प्रश्न, एकदाच उत्तरं)

एप्रिल संपत आला की माझा फोन सुरू होतो. "ती सूटबूट घालून बाइक चालवतात ती राइड कधी आहे रे, मला पण यायचंय." मग मी तेच तेच टाइप करत बसतो, अर्धे लोक नंतर येतच नाहीत आणि उरलेले सकाळी सहाला फोन करून विचारतात की टाय घातलाच पाहिजे का. म्हणून यावर्षी सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी आयोजक वगैरे नाहीये बरं का, पुण्यात काही वर्षं जाणारा एक साधा येझदीवाला आहे. अधिकृत नियम त्यांच्या साइटवर असतात, तिथलं आणि माझं जुळलं नाही तर साइटचं खरं धरा.

ही राइड नक्की आहे काय?

पूर्ण नाव डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड, सगळे डीजीआर म्हणतात. २०१२ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला मार्क हावा नावाच्या माणसाने सुरू केली. त्याने एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या हीरोचा फोटो पाहिला, मस्त सूट घालून जुन्या मोटरसायकलवर बसलेला, आणि त्याच्या डोक्यात आलं की बाइकवाले म्हणजे गुंड, दाढीवाले, आवाज करणारे असं जे लोकांना वाटतं ते असंच पुसता येईल, एक दिवस सगळे टापटीप कपडे घालून जुन्या गाड्यांवर शहरातून हळूहळू फिरू. पहिल्याच वर्षी ६४ शहरांत अडीच हजारांवर लोक निघाले. मग या गर्दीला काहीतरी काम द्यावं म्हणून पैसे गोळा करणं सुरू झालं, आणि आता पैसे हाच मुख्य भाग आहे. प्रोस्टेट कॅन्सरवरचं संशोधन आणि पुरुषांचं मानसिक आरोग्य, हे दोन विषय.

आपल्याकडे पुणे, मुंबई आणि इतरही शहरांत होते. सगळ्या जगात एकाच रविवारी.

कधी असते?

आधी सप्टेंबरच्या शेवटी असायची, आता मे महिन्यात असते. २०२४ ला १९ मे होती, २०२५ ला १८ मे. हो, मे. पुण्याच्या मे मध्ये सूट. ज्याने तारीख ठरवली तो सिडनीत राहतो, तिकडे तेव्हा थंडी सुरू होत असते, आपण काय बोलणार.

रजिस्ट्रेशनला पैसे लागतात का?

नाही, फुकट आहे. जंटलमन्सराइड डॉट कॉम वर जाऊन आपलं शहर निवडायचं, गाडीची माहिती टाकायची, झालं. रजिस्टर केलं की तुमच्या नावाचं एक पान तयार होतं, लोकांनी देणगी द्यायची ती त्या पानावर. सुरुवातीचं ठिकाण आणि वेळ रजिस्टर केलेल्यांनाच कळते, त्यामुळे "मला फक्त लोकेशन टाक ना" असं मला मेसेज करू नका. दोन मिनिटांचं काम आहे, करा.

मागे कुणी बसणार असेल तर त्या व्यक्तीचंही वेगळं रजिस्ट्रेशन करा.

माझ्याकडे पल्सर आहे. चालेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त रुसवेफुगवे होणारा प्रश्न. राइड क्लासिक, व्हिंटेज आणि तशा धाटणीच्या गाड्यांची आहे. कॅफे रेसर, बॉबर, स्क्रॅम्बलर, जुन्या पद्धतीचे चॉपर, साइडकार, जुन्या स्कूटर वगैरे. बुलेट, क्लासिक ३५०, इंटरसेप्टर, कॉन्टिनेंटल जीटी, जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००, होंडाची सीबी ३५०, सगळं बसतं. ट्रायम्फची स्पीड ४०० पण. गंमत अशी की ट्रायम्फ हे या राइडचे बरेच वर्षांपासूनचे मोठे स्पॉन्सर, आणि ती ४०० बनते आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात, म्हणजे ब्रिटिश गाडी घ्यायला लांब कुठे जायला नको.

स्कूटरवाल्यांनो लाजू नका. आजोबांची लॅम्ब्रेटा, विजय सुपर, बजाज चेतक, जे काय गोठ्यात पडलेलं असेल ते बाहेर काढा. मी तर म्हणतो, दहा इंटरसेप्टर एकासारख्या एक उभ्या असतात आणि गर्दी जमते ती त्या एका पोपटी चेतकभोवती, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्याचे बाबा त्याला पुढे उभं करून शाळेत सोडायचे ते आठवत असतं.

स्पोर्ट बाइक, अॅडव्हेंचर बाइक बसत नाहीत. शेवटचा शब्द त्या शहराच्या होस्टचा, म्हणजे तिथल्या आयोजकाचा. पल्सरवाल्यांनी एकतर मित्राच्या मागे बसा किंवा कुणाची तरी उधार मागा. पण उधार गाडी घेतली तर तिचा इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का ते आदल्या आठवड्यात बघा, आदल्या रात्री नाही. माझ्या एका मित्राने काकांची बुलेट आणली होती, चकाचक पॉलिश केलेली, आणि इन्शुरन्स संपून वर्ष झालेलं. आला तसा परत पाठवला. वाईट वाटलं पण बरोबरच होतं ते.

बायकांनी यायचं का? नावात जंटलमन आहे म्हणून विचारते.

यायचं म्हणजे काय, दरवर्षी येतात आणि आमच्यापेक्षा नटून येतात. पाडव्याला गिरगावात नि डोंबिवलीत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायका काय आज बघताय का तुम्ही. आणि खरं सांगायचं तर नऊवारीचा काष्टा गाडीवर सहावारीपेक्षा खूप सोयीचा, टांग टाकता येते. फक्त पदर नीट खोचून पिन लावा. मागे बसणाऱ्यांनी पण. आपल्याकडच्या गाड्यांना ते साडी गार्ड उगीच दिलेलं नसतं, ओढणी चाकात गेल्याच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकल्यात.

मला सूट नाहीये. लग्नातला होतो का?

तुम्ही आता लग्नातल्या साइजचे आहात का हा खरा प्रश्न आहे. होत असेल तर उत्तम. नसेल तर नवा शिवायला जाऊ नका, गरज नाही. पांढरा शर्ट, वेस्टकोट, टाय किंवा बो, नीट प्यांट, चकचकीत बूट, बास. नेहरू जॅकेट, बंदगळा, खादीचं जाकीट सगळं चालतं. दरवर्षी कुणीतरी धोतर नेसून येतो आणि सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात, पण बाबांनो धोतराचा सोगा आणि उघडी चेन यांचं जमत नाही. बंद चेनकेस असलेल्या गाडीवरच हे धाडस करा, आणि सोगा पण खोचूनच.

कापड सुती किंवा लिनन घ्या. पॉलिस्टरमध्ये आधी भाजून निघाल आणि पडलात तर ते घासून वितळतं, कातडीला चिकटतं. टाय वाऱ्याने तोंडावर फडफडतो, तो शर्टाच्या दोन बटणांच्या मध्ये आत सारायचा. तळाला चामडं असलेले फॉर्मल बूट दिसायला भारी पण सिग्नलला पाय टेकला आणि खाली ऑइल असलं की घसरतात, रबरी तळाचे घ्या. चप्पल नाही, मोजडी नाही. कोल्हापुरीचा मोह होतो, मला कळतंय, ती डिकीत टाकून आणा आणि फोटोला घाला.

आणि हो, सूटच्या खाली नी गार्ड घालता येतात, दिसत नाहीत. हातमोजे पण घाला, चामडी असले तर उलट जास्त शोभतात.

पुणेरी पगडी घालून चालवली तर?

हेल्मेट. पगडी पिशवीत, थांबलो की डोक्यावर. फेटा असेल तर तसंच. चॅरिटी आहे म्हणून कायदा बदलत नाही, हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. आयएसआय मार्कचं पाहिजे, मागे बसणाऱ्यालाही पाहिजे. ती डोक्यावर वाटीसारखी बसणारी अर्धी टोपी मिळते ना रस्त्याच्या कडेला, ती हेल्मेट नाही. रेट्रो लूक हवा तर आयएसआयवाले ओपन फेस मिळतात की चांगले, गॉगल लावा वर.

सायलेन्सर काढून येऊ का? बुलेटचा आवाज मस्त येतो.

नाही. खरंच नाही. राइडचा जन्मच बाइकवाल्यांचं नाव सुधारायला झालाय, आणि तुम्ही रविवारी सकाळी सात वाजता पेठेतल्या लोकांना फटफट फटफट करून उठवणार. मग तिसऱ्या मजल्यावरून आजी जे बोलतील ते देणगीपेक्षा जास्त लक्षात राहील. पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून वरून रोड रोलर फिरवलेले फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

ही रेस आहे का? किती स्पीडने जातात?

रेस अजिबात नाही. तीस चाळीसच्या पुढे क्वचितच. दोन रांगा, पण बरोबरीने नाही, एक डावीकडे मग थोडा मागे दुसरा उजवीकडे असं झिगझॅग, म्हणजे प्रत्येकाला ब्रेक मारायला जागा राहते. पुढे लीड म्हणजे वाट दाखवणारा, मध्ये मार्शल म्हणजे शिस्त सांभाळणारे, शेवटी स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा. स्वीपच्या मागे जायचं नाही आणि लीडच्या पुढे जायचं नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ. पुढच्याने पाय बाहेर काढून खाली दाखवलं की त्या बाजूला खड्डा आहे, तुम्ही पण पाय काढून मागच्याला दाखवायचं.

सिग्नल लाल झाला तर थांबायचं. ग्रुप तुटला तर तुटू दे, पुढे कुठेतरी रिग्रुप होतोच. चौकात गाडी आडवी लावून इतरांचा ट्रॅफिक अडवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही, मागे अॅम्ब्युलन्स असू शकते. व्हीली, बर्नआउट, कर्कश्श हॉर्न, हे करणाऱ्याला मार्शल बाजूला घेतात आणि घ्यायलाच पाहिजे.

एक फायद्याची गोष्ट, गाडीच्या नेहमीच्या इन्शुरन्स पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला संरक्षण नसतं, ते स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणूनही "चल जरा ओढू" करू नका.

माझी गाडी जुनी आहे, टिकेल का?

हळू चालवण्यानेच जुन्या गाड्या दमतात हे लोकांना माहीत नसतं. एअर कूल्ड इंजिनाला वारा लागतो, आणि मिरवणुकीच्या वेगात वारा कुठला. क्लच अर्धा दाबून रांगत राहिलात की आधी क्लचचा वास येतो, मग केबल तुटते. म्हणून थांबला की न्यूट्रल करा, जास्त वेळ थांबला तर बंद करा. जादा क्लच केबल, एक प्लग, प्लग पाना, थोडी वायर आणि टेप एवढं खिशात नाहीतर साइड बॉक्समध्ये ठेवा.

टू स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंय का ते बघा, विशेषतः पंपावर दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल तर. माझी येझदी रोडकिंग १९८९ची, बाबांची. जावा येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, किक मारून झाली की तोच दांडा पुढे फिरवून गिअर. नवीन पोरं दोन मिनिटं शोधत असतात की गिअर कुठंय. आणि जुन्या बुलेटवर कधी बसला नसाल आणि राइडच्या दिवशी पहिल्यांदा बसणार असाल तर प्लीज नको, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे, चाळीस वर्षांची सवय एका सकाळीत बदलत नाही. आधी महिनाभर पहाटे चालवा. आम्ही चौघं त्या आधीच्या तीन रविवारी डेक्कनवरून निघून अशी एक छोटी फेरी मारतोच, चहा पितो, परत येतो, काय ढिलं झालंय ते तिथेच कळतं.

पैसे गोळा करायलाच पाहिजेत का? मी फक्त राइडला येतो ना.

कुणी तुम्हाला गेटवर अडवणार नाही. पण मी स्पष्टच सांगतो, मला हे आवडत नाही. सूट घालून दोन तास फिरणं आणि चाळीस फोटो टाकणं हा वाढदिवस झाला, चॅरिटी नाही. निदान स्वतःचे पाचशे रुपये तरी स्वतःच्या पानावर टाका. रिकाम्या पानावर पहिली देणगी द्यायला कुणालाच आवडत नाही, हे देवळातल्या दानपेटीसारखं आहे, आत दोन नाणी दिसली की तिसरं पडतं.

मला मागायला लाज वाटते.

सगळ्यांना वाटते. पहिल्या वर्षी मी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली तर मामीचा रिप्लाय, "काय रे, नोकरी गेली का तुझी?" आणि खाली अकरा लोकांनी हसायचे इमोजी. देणगी शून्य.

दुसऱ्या वर्षी ग्रुपवर टाकलंच नाही. एकेकाला वेगळा मेसेज केला, नाव घालून, चार ओळींचा, आणि रक्कम स्पष्ट लिहून. साधारण असा: "दादा, १८ तारखेला मी बाबांची येझदी काढतोय, प्रोस्टेट कॅन्सर आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे गोळा करतोय. तू पाचशे टाकशील का? लिंक खाली आहे, नाही जमलं तरी काही नाही, पण काकांना चेकअपला घेऊन जा." हा मेसेज चालला. का चालला याचा मी बराच विचार केलाय. रक्कम सांगितली की समोरचा किती द्यावे या विचारात अडकत नाही, आणि बाबांची गाडी म्हटलं की ते घरचं कार्य होतं, पुण्यातले लोक घरच्या कार्याला नाही म्हणत नाहीत (जेवण असो नसो).

पगार झाल्या झाल्या पहिल्या आठवड्यात मागा. वीस तारखेनंतर मागितलं तर लोक तुमचा मेसेज वाचतात आणि मग ऑफलाइन जातात. ऑफिसात एचआरला विचारून ठेवा, काही कंपन्या कर्मचाऱ्याने गोळा केले तेवढेच स्वतःचे घालतात.

नातेवाईकांचं कार्ड डिक्लाइन होतंय, साइट फ्रॉड आहे का?

फ्रॉड नाहीये. बहुतेक वेळा कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात, बाहेरचं आपण स्वतः बँकेच्या अॅपमध्ये जाऊन सुरू करायचं. आमच्या काकांचं तीनदा डिक्लाइन झालं, मग त्यांनी बँकेत फोन केला, बँकेने त्यांना वीस मिनिटं गाणं ऐकवलं, आणि शेवटी माझ्या चुलत बहिणीने अॅपमध्ये एक बटण दाबलं. झालं. व्यवहार झाला की ते बटण परत बंद करा, आणि परदेशी व्यवहारावर बँक थोडा जादा चार्ज लावते तो धरून चाला.

इथे खरा फ्रॉड कुठला ते सांगतो. कुणी स्वतःचा क्यूआर कोड पाठवून "डीजीआरसाठी इथे टाका, मी भरतो" म्हणत असेल तर देऊ नका, मित्र असला तरी नको. देणगी फक्त त्या रायडरच्या पानावरूनच, म्हणजे नावासकट दिसते आणि पावती ईमेलवर येते.

८०जी मिळेल का?

धरून चालू नका. ८०जीची करसवलत भारतात आयकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थांना दिलेल्या पैशावर असते, आणि तीही जुन्या करप्रणालीत. टॅक्ससाठी देणार असाल तर पुढचा प्रश्न वाचा.

पैसे परदेशात का पाठवायचे? इथे पेशंट नाहीत का?

दरवर्षी एक काका हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना आवाज चढलेला असतो. प्रश्न चुकीचा नाही. पैसे मोव्हेंबर या संस्थेकडे जातात, २००३ साली मेलबर्नला सुरू झालेली, नोव्हेंबरभर मिशा वाढवून पैसे गोळा करतात तेच हे लोक (मिशीला पीळ द्यायचं आपल्याला कुणी शिकवायला नको, पण त्याचे पैसे करायचं आपल्याला सुचलं नाही). ते वेगवेगळ्या देशांत प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनाला आणि मानसिक आरोग्याच्या कामांना देतात. संशोधन कुठेही झालं तरी औषध शेवटी सगळीकडे येतं हे एक.

पण इथल्या माणसाचं आजचं बिल त्यातून भरलं जात नाही हेही खरं. म्हणून मी काय करतो, माझ्या खिशातले जेवढे आहेत त्यातले निम्मे माझ्या पानावर आणि निम्मे इथे. मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, तिथे महाराष्ट्रच काय सगळ्या देशातून लोक येऊन पडलेले असतात, थेट त्यांना देणगी देता येते. त्या काकांना मी हेच सांगितलं, तुम्ही तिकडे द्या. त्यांनी दिले की नाही विचारू नका.

प्रोस्टेटचं नक्की काय? मला पस्तिशीत काय करायचंय ते?

मूत्राशयाच्या खाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की बहुतेकांची वाढते, मग रात्री तीन चारदा उठावं लागतं, लघवीची धार बारीक होते, पूर्ण झाली असं वाटत नाही. बहुतेक वेळा हे कॅन्सर नसतं, साधी वाढ असते. पण गोची अशी की कॅन्सर सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून नुसत्या लक्षणांवर जाऊन चालत नाही. पन्नाशी आली की डॉक्टरांशी बोलायचं, वडील किंवा भाऊ यांना झाला असेल तर आणखी आधी, पंचेचाळीसलाच. पीएसए नावाची रक्ताची चाचणी असते. ती वाढलेली आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, दुसऱ्या कारणांनीही वाढते, त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन गूगल करत बसू नका, डॉक्टरला दाखवा. लघवीतून रक्त गेलं तर मात्र वाट बघायची नाही.

तुम्ही पस्तिशीचे असाल तर तुमचे बाबा पासष्टीचे आहेत. आमच्याकडे मोठे काका दोन वर्षं रात्री पाचदा उठायचे आणि विचारलं की "वय झालं रे" म्हणायचे. काकूंना वाटायचं चहा जास्त होतोय. घरात सहा माणसं, सगळ्यांना फ्लशचा आवाज यायचा आणि कुणी बोललं नाही, कारण तो विषय कसा काढायचा. शेवटी मी राइडचा मेसेज पाठवल्यावर त्यांनी फोन केला, पैशांचं काही बोलले नाहीत, "ती टेस्ट कुठे करतात" एवढंच विचारलं. त्यांचं साधी वाढच निघाली, गोळ्या चालू आहेत, रात्री एकदा उठतात.

आणि मानसिक आरोग्याचं सूट घालून काय होणार?

मला पण हेच वाटायचं. आकडा बघा, २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी खात्याकडे, त्यात दर दहांत सात पुरुष. आणि आपण एकमेकांना विचारतो काय, "काय म्हणतोस", "मजेत". संपलं.

आता हे मी पाहिलेलं सांगतो. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, पण दोघं एकाच इंजिनाकडे बघत असले की बोलतात. एका वर्षी राइड सुरू व्हायच्या आधी एक ओळख ना पाळख माणूस माझ्या शेजारी उकिडवा बसून माझ्या कार्ब्युरेटरकडे बघत होता, आयडलिंग नीट नाहीये म्हणाला, मी म्हटलं हो ना, स्क्रू फिरवत बसलो दोघं, आणि मध्येच तो त्याच आवाजात म्हणाला, "सहा महिने झाले, झोप नाही लागत." मी काही भारी बोललो नाही. पाना ठेवला आणि म्हटलं सांग. वीस मिनिटं बोलला, आयडलिंग तसंच राहिलं.

असं कुणी बोललं तर सल्ले देऊ नका, "अरे टेन्शन घेऊ नको" तर मुळीच म्हणू नका. ऐका, आणि गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६, सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मी तो टाकीखालच्या साइड बॉक्सच्या झाकणावर आतून स्टिकरने लावलाय, उघडलं की दिसतो.

ऊन लागेल का?

लागेल. पहाटे पाणी पिऊन निघा, एक बाटली बरोबर, लिंबू सरबत किंवा ओआरएस. चक्कर आल्यासारखं वाटलं तर डावीकडे घेऊन थांबा, स्वीप येतोच मागून. कोट काढून बसलात तर कुणी जंटलमनपणा काढून घेत नाही. वळवाचा पाऊस आलाच तर पहिल्या दहा मिनिटांत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, सगळ्यात घसरडी तीच दहा मिनिटं असतात.

पडलो बिडलो तर?

१०८ ला फोन, नाहीतर ११२. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मान दुखावलेली असू शकते. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती सोडा, आता कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. रक्तगट आणि घरचा नंबर कोटाच्या आतल्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवा, फोन लॉक असतो.

राइड संपल्यावर काय?

फोटो, चहा, इडली, घरी. पण पान लगेच बंद होत नाही, काही दिवस देणगी घेतं, आणि माझे सगळ्यात जास्त पैसे राइडनंतरच्या सोमवारी येतात, कारण फोटो बघितल्यावर लोकांना पटतं की हा खरंच सूट घालून येझदीवर बसला. तेव्हा ज्यांनी "बघतो" म्हटलं होतं त्यांना फोटोसकट परत मेसेज करा.

सूटवर ऑइलचे शिंतोडे आलेत, कसे काढायचे?

टू स्ट्रोकच्या मागे होतात ना? माझ्याच असाल. सुती किंवा लिनन असेल तर चोळू नका, आधी टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग भांड्याचा लिक्विड साबण थेंबभर लावून हलक्या हाताने, मग धुवा. डाग जाईपर्यंत इस्त्री करू नका, पक्का बसतो. लोकरीचा सूट असेल तर सरळ ड्रायक्लीनला द्या. एका वर्षी एक जण अख्खा रूट माझ्या मागे होता, क्रीम रंगाचा लिनन सूट, नवा, आणि शेवटी उतरला तेव्हा छातीपर्यंत काळे ठिपके, मोराच्या उलट. मी शंभरदा सॉरी म्हटलं, ड्रायक्लीनचे पैसे देतो म्हटलं. तो म्हणाला पैसे पानावर टाक. टाकले. आता तो दरवर्षी सकाळी आधी माझी येझदी कुठे उभी आहे ते शोधतो आणि मग तिच्या पुढे जागा पकडतो.